तव्याच्या झऱ्यातला भुंगेरा

१३ जून १९५६ ला टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावचे कोमाल झरे आटले. काही वर्षं पावसाने सलग दगा दिला होता आणि खालच्या चुनखडीतल्या एडवर्ड्स भूजलसाठ्याला चहूकडून बोअर लागले होते. ३ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १४४ दिवस, झरे कोरडे राहिले. फाउंटन डार्टर नावाचा, बोटाच्या पेराएवढा मासा तिथून पार नाहीसा झाला. १९७५-७६ च्या सुमारास शेजारच्या सॅन मार्कोस झऱ्यांतून मासे आणून सोडले, तेव्हा कुठे तो कोमालमध्ये परत दिसू लागला.

त्याच झऱ्यांत, गोट्यांच्या खाली, दोन मिलिमीटरचा एक तांबूस तपकिरी भुंगेराही राहत होता. खसखशीच्या दाण्याहून मोठा, तिळाहून लहान. त्या १४४ दिवसांत त्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? त्याला नावच नव्हतं. नाव मिळालं १९८८ मध्ये: हेटरेल्मिस कोमालेन्सिस. हे प्रकरण त्या नावाचं आहे. ते कसं पडलं, कशाच्या आधारावर पडलं, आणि पाच पानांच्या एका लेखाने जमिनीखालच्या पाण्याच्या हिशेबात या जिवाला जागा कशी मिळवून दिली, त्याचं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे वर्तमानपत्रं ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात, त्याला जुनी जीवशास्त्राची पुस्तकं ‘जाती’ म्हणतात आणि ‘प्रजाती’ हा शब्द तिच्या वरच्या पायरीसाठी ठेवतात. हा घोळ मिटवणं माझ्या आवाक्यातलं नाही. इथे मी ‘जाती’ आणि तिच्या वर ‘वंश’ असे दोनच शब्द वापरतो. हेटरेल्मिस हा वंश, कोमालेन्सिस ही जाती, आणि हे सगळं घराणं म्हणजे एल्मिडे कुल.

या कुलातले भुंगेरे खळाळत्या पाण्यात राहतात. ओढा जिथे उथळ होऊन गोट्यांवरून आवाज करत जातो, तिथे. सह्याद्रीतल्या ओढ्यातही पावसाळ्यानंतर एखादा धोंडा उचलून पांढऱ्या थाळीत धुतला, तर या कुलातलं कोणीतरी खाली पडण्याची शक्यता बरीच असते. फक्त पाच मिनिटं न हलता थाळीकडे बघत बसावं लागतं. आधी वाटतं की वाळूचे कण आहेत. मग त्यातला एक कण पाय बाहेर काढतो आणि म्हाताऱ्यासारखा हळूहळू चालू लागतो. पाण्यातले भुंगेरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुळकन पोहणारे येतात. याला पोहता येत नाही. लांब नख्यांनी दगडाला, मुळीला, कुजक्या लाकडाला धरून तो रांगतो.

श्वास घेण्याची त्याची तऱ्हा मात्र अफलातून आहे. अंगाच्या खालच्या बाजूला अतिशय बारीक केसांची दाट लव असते. ती पाण्याने भिजत नाही, त्यामुळे तिच्यात हवेचा पातळ थर कायमचा अडकून राहतो. याला प्लॅस्ट्रॉन म्हणतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू या थरात आपोआप शिरतो आणि भुंगेरा जन्मभर वर न येता खाली राहू शकतो. यात दोन अटी आहेत. पाण्यात प्राणवायू भरपूर हवा. आणि पाण्यात साबण नको, कारण साबणाने पृष्ठताण कमी झाला की लव भिजते, हवेचा थर फुटतो आणि भुंगेरा गुदमरतो. ओढ्यावर बारा महिने धुणी धुतली जातात तिथे खालच्या अंगाला हे भुंगेरे शोधायला जाऊ नका, असं मी नवख्यांना सांगतो ते याचसाठी.

आता जागा. कोमाल म्हणजे स्पॅनिशमध्ये तवा, ज्यावर मेक्सिकोत मक्याच्या पोळ्या भाजतात. मूळ शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतला. म्हणजे कोमालेन्सिसचं शब्दशः मराठी करायचं तर ‘तवेकर’. झरे टेक्सासमधले सगळ्यात मोठे. चुनखडीच्या कड्याच्या पायथ्याशी, भ्रंशरेषेवर, म्हणजे खडकाचे थर जिथे तुटून सरकले आहेत तिथे, फटींतून पाणी वर येतं, साधारण २३ अंशांचं, उन्हाळा असो की हिवाळा. त्यातून निघणारी कोमाल नदी चारेक किलोमीटर वाहून ग्वादालूपे नदीला मिळते. झऱ्यांचा दीर्घकालीन सरासरी प्रवाह २८० ते २९० क्युसेक आहे. धरणाचे दरवाजे उघडल्यावर हजारांत क्युसेक ऐकायची सवय असलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे पाणी कुठल्याही दरवाजातून सोडलेलं नाही. ते रात्रंदिवस जमिनीतून वर येतं.

साउथवेस्ट टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत बॉस हे नाव लावणाऱ्या अभ्यासकाने सॅन मार्कोस आणि कोमाल या दोन नद्यांतल्या अशा भुंगेऱ्यांची पाहणी केली. प्रबंध १९७९ चा. आपल्या भुंगेऱ्याचे पहिले नमुने १९७६ मध्ये गोळा झालेले. म्हणजे डार्टर मासा बाहेरून आणून सोडला जात होता त्याच सुमारास, त्याच पाण्यातून, कोणी न सोडलेला, आपला आपण टिकलेला एक भुंगेरा बाटलीत गेला. पुढे बॉस, टफ आणि ब्राउन या तिघांच्या नावाने वर्णन छापून आलं ते १९८८ मध्ये. मध्ये बारा वर्षं.

बारा वर्षं ऐकून लोक हसतात. या धंद्यात ती फार नाहीत. नवीन जाती ‘सापडते’ ती ओढ्यात नव्हे. ओढ्यात सापडतो तो भुंगेरा. तो नवीन आहे हे कळतं जुने नमुने ठेवलेल्या कपाटापाशी, कारण ‘नवीन’ याचा अर्थ ‘आजवर ज्यांना नाव दिलं गेलं त्यांपैकी कोणीही नाही’ असा आहे, आणि तो नकार सिद्ध करायला त्या सगळ्यांना बघावं लागतं. लेखातले तिसरे लेखक हार्ली ब्राउन हे ओक्लाहोमा विद्यापीठातले. अमेरिकेतल्या या भुंगेऱ्यांची ओळखपुस्तिका १९७२ मध्ये त्यांनीच लिहिली होती. असा माणूस जेव्हा ‘हा मी पाहिलेल्यांतला नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला वजन असतं. तरीही ते पुरत नाही.

पुरावा लागतो तो नराच्या जननावयवाचा. एल्मिडे कुलात बाहेरून दोन जाती जुळ्या भावांसारख्या दिसतात. पाठीवरच्या रेषा, छातीवरची खाच, केसांचा पट्टा यांत फरक असतो, पण एकाच जातीतल्या दोन भुंगेऱ्यांतही थोडा असतोच. जननावयवाचा घाट मात्र जातीगणिक बऱ्यापैकी ठरलेला असतो. मध्ये एक पाकळी, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांची लांबी, टोकाचा आकार, बाजूच्या पाकळ्या मधलीच्या कुठपर्यंत येतात, हे बघायचं. त्यासाठी वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करायचा, अगदी बारीक टाचणीच्या वाकवलेल्या टोकाने मागून तो भाग ओढून काढायचा, पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून बघायचा. अख्खा भुंगेराच दोन मिलिमीटरचा, तेव्हा हा तुकडा किती असेल त्याचा अंदाज करा. मी एकदा हे काम पंखा चालू ठेवून करायचा वेडेपणा केला होता. तो तुकडा अजून त्या खोलीत कुठेतरी असेल.

बघून झालं की चित्र काढायचं, मापं द्यायची, एक नमुना निवडून त्याला होलोटाइप म्हणायचं. इथून पुढे त्या नावाचा धनी तो एक भुंगेरा. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही एका नावाखाली दोन जाती एकत्र केल्या, तर नाव होलोटाइप ज्या बाजूला पडेल तिकडे जातं आणि दुसऱ्या बाजूला नवीन नाव शोधावं लागतं. सरकारी मोजणीतला हद्दीचा दगड असतो तसा. जमीन कोणाची यावर भांडा हवं तेवढं, मोजायला सुरुवात दगडापासून.

नाव लिहिण्याच्या पद्धतीतही इतिहास दडलेला असतो. याच वंशातली ग्लॅब्रा नावाची जाती हॉर्न यांनी १८७० मध्ये वर्णन केली. तिच्यापुढे हॉर्न यांचं नाव कंसात लिहितात, कारण त्यांनी ती दुसऱ्या वंशात घातली होती. हेटरेल्मिस हा वंश शार्प यांनी केला १८८२ मध्ये, आणि ती नंतर इकडे हलवली गेली. कोमालेन्सिसपुढे बॉस, टफ आणि ब्राउन ही नावं कंसाशिवाय येतात. जिथे ठेवली तिथेच आहे, एवढं त्या नसलेल्या कंसावरून कळतं.

याच ग्लॅब्रामुळे प्रकरण नाजूक होतं. ती नैर्ऋत्य अमेरिकेत आणि मेक्सिकोत पसरलेली, टेक्सासातही आहे, आणि तिचं कोमालेन्सिसशी नातं जवळचं. कोमालच्या भुंगेऱ्याची ठळक खूण अशी की त्याचे आतले पंख आखूड आहेत आणि त्याला उडता येत नाही. झऱ्यात राहणाऱ्याला हे परवडतं. पाणी बाराही महिने, तापमान तेच, मग जायचं कुठे? पण एवढ्यावर जाती उभी करायची म्हटलं तर मी स्वतः हात आखडता घेईन. या कुलात एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही भुंगेरे आढळतात. शिवाय बऱ्याच जातींचे भुंगेरे कोशातून बाहेर आल्यावर एकदा उडतात, पाण्यात शिरतात, आणि मग त्यांचे उडायचे स्नायू झडून जातात. मग पंख असून नसल्यासारखेच. म्हणून आखूड पंख हा आधाराचा पुरावा, मुख्य नव्हे. वर्णन टिकतं ते बाकीच्या खुणा एकत्र धरून.

दोन जातींमधली ही रेघ कुठे मारली यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि ते कसं, हे कीटकांवर काम करणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. धोक्यातल्या जिवांसाठी अमेरिकेचा १९७३ चा कायदा आहे. त्यात जाती आणि उपजाती यांना संरक्षण मिळतं. पृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत त्याही खाली उतरता येतं: एखाद्या नदीतली माशांची वेगळी वस्तीसुद्धा स्वतंत्रपणे यादीत घालता येते. कीटकांना ही सवलत नाही. म्हणजे समजा १९८८ मध्ये या तिघांनी लिहिलं असतं की कोमालमध्ये ग्लॅब्राची आखूड पंखांची एक स्थानिक वस्ती आहे, तर शास्त्राच्या दृष्टीने ते फार मोठं पाप ठरलं नसतं. पण कायद्याचं दार तिथेच बंद झालं असतं. ग्लॅब्रा दूरवर पसरलेली आहे, तिला काही धोका नाही, फाइल बंद.

लेख पाच पानांचा. त्यानंतर १९९५ मध्ये प्रस्ताव निघाला आणि १८ डिसेंबर १९९७ ला भुंगेरा धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. त्याच दिवशी आणखी दोन जिवांना जागा मिळाली: जमिनीखालच्या पाण्यात राहणारा, डोळे खुरटलेला स्टायगोपार्नस कोमालेन्सिस हा भुंगेरा (बार आणि स्पँगलर, १९९२, इथे जाती तर नवीनच, पण तिच्यासाठी वंशही नवीन करावा लागला), आणि पेकचा गुहेतला ॲम्फिपॉड, झिंग्याचा दूरचा भाऊबंद. कारण तिघांचं एकच. झऱ्याचं पाणी कमी झालं किंवा बिघडलं, तर यांना जायला दुसरी जागा नाही.

आता पाण्याचं. टेक्सासात १९०४ च्या एका निकालापासून नियम असा की ज्याची जमीन, त्याच्या खालचं पाणी त्याचं. हवं तेवढं उपसा, शेजाऱ्याची विहीर आटली तरी तुमच्यावर बोट नाही. आपल्याकडच्या बोअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९९१ मध्ये सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला एका मासे-पैदाशीच्या फार्मने दिवसाला सुमारे ४ कोटी गॅलन पाणी खेचलं, आणि ते कायद्याने बरोबर होतं. त्याच वर्षी सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने केंद्र सरकारवर दावा लावला की झरे राखले नाहीत तर यादीतले जीव मरतील. १९९३ च्या सुरुवातीला निकाल क्लबच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने एडवर्ड्स ॲक्विफर ऑथॉरिटी, म्हणजे या भूजलसाठ्याचं प्राधिकरण, स्थापण्याचा कायदा केला. उपशाला पहिल्यांदा परवाना आला, मर्यादा आली.

इथे एक सांगितलंच पाहिजे, कारण गोष्ट रंगवून सांगायचा मोह होतो. ती लढाई या भुंगेऱ्याने जिंकलेली नाही. दाव्यात डार्टर मासा होता, सॅलमँडर (सरड्यासारखे दिसणारे, बेडकाच्या नात्यातले उभयचर) होते, टेक्सासची रानटी भातासारखी पाणवनस्पती होती. भुंगेरा तेव्हा यादीतच नव्हता. तो आला उशिरा. पण आल्यावर त्याने प्रश्नाचा रोख थोडा हलवला. मासा तळ्यात, नदीत राहतो. गेला तर दुसरीकडून आणता येतो, हे एकदा करून झालेलं आहे. भुंगेरा राहतो पाणी जिथे फटीतून बाहेर येतं त्या तोंडाशी, आणि कोमालमधली वरच्या पातळीवरची तोंडं सगळ्यात आधी आटतात. नदी वाहती दिसत असताना वरचे झरे कोरडे पडलेले असू शकतात. नदीत पाणी किती, एवढ्यावर आता भागत नाही. ते कोणत्या तोंडातून येतंय हेही बघावं लागतं. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या संवर्धन आराखड्यात कोमालसाठी दीर्घकालीन सरासरी २२५ क्युसेक आणि तळाची मर्यादा ३० क्युसेक धरली आहे, तीही सलग सहा महिन्यांहून जास्त नाही. ३० क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेआठशे लिटर. उपसा कोणाचा किती कापायचा, याचा हिशेब या आकड्यांपासून मागे मोजत येतो.

यावर एक खोचक प्रश्न हमखास येतो. १९५६ मध्ये १४४ दिवस पाणी नव्हतं तरी भुंगेरा जगलाच ना? मग एवढी काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे. तो जगला हे उघड आहे. उडता न येणारा जीव नंतर दुसरीकडून आला असेल हे संभवत नाही. जाणकारांचा अंदाज असा की पाणी खाली गेलं तसा तोही गोट्यांतून, फटींतून खाली गेला. पण एकदा कोणी पडूनही वाचला, म्हणून त्याला पुन्हा त्याच गच्चीवरून ढकलून बघत नाहीत. शिवाय दुष्काळाआधी किती होते आणि नंतर किती उरले, याची मोजदाद कोण करणार? वीस वर्षांनी तो पहिल्यांदा बाटलीत आला.

आणि याच वंशातली दुसरी गोष्ट आठवते. ॲरिझोनातल्या सांता रीटा डोंगरातल्या मडेरा कॅन्यनमध्ये हेटरेल्मिस स्टेफानी नावाचा भुंगेरा होता. वर्णन ब्राउन यांचंच, १९७२ चं. म्हणजे कोमालच्या भावंडाला नाव मिळायच्या सोळा वर्षं आधी. मुक्कामाला येणाऱ्या हौशी लोकांसाठी झऱ्याचं पाणी नळात घेतलं गेलं. भुंगेरा वर्षानुवर्षं यादीच्या दारात ‘विचाराधीन’ म्हणून उभा राहिला. शेवटचा दिसला १९९३ मध्ये. २०१६ मध्ये तो बहुधा नामशेष झाला असा निष्कर्ष काढून त्याचं नाव प्रतीक्षेतून वगळलं. नाव वेळेवर मिळालं म्हणून जीव वाचतोच असं नाही, एवढं स्टेफानीने शिकवलं.

कोमालमध्ये मोजणी अजून चालते, आणि ती कशी चालते ते बघण्यासारखं आहे. सुती मिसळीच्या कापडाचा वीतभर चौकोनी तुकडा घेतात, गुंडाळतात, आणि झऱ्याच्या तोंडाशी गोट्यांमध्ये खोचून ठेवतात. साधारण महिनाभराने कापडावर जिवाणूंची, बुरशीची बुळबुळीत साय धरते. भुंगेऱ्यांचं तेच खाणं. ते आपण होऊन येतात, अळ्याही येतात. कापड उचलून थाळीत उलगडतात आणि भिंगाने मोजतात.

थाळीत तो एकटा नसतो. त्याच झऱ्यात मायक्रोसायलोएपस पुसिलस नावाचा त्याच कुलातला, तेवढाच तपकिरी भुंगेरा राहतो आणि तोही कापडाला धरून बसतो. हा सर्वत्र आढळणारा, तो धोक्यातला. दोघांना वेगळं काढायचं ते जिवंतपणी, ओल्या कापडावर, उन्हात डोळे बारीक करून, छातीवरच्या उंचवट्यांवरून आणि अंगलटीवरून. कारण ज्या पाकळ्यांवरून १९८८ मध्ये जातीची खात्री केली, त्या बघायच्या तर भुंगेरा मारावा लागतो, आणि आता त्यासाठी परवाना लागतो. मेलेल्या प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो. शंका आली की मोजणारा थाळी दुसऱ्याकडे सरकवतो. तो बघतो, आकडा सांगतो. मग भुंगेरे पाण्यात सोडतात, नवं कापड गुंडाळून फटीत खोचतात, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून वर एक दगड ठेवतात.